दुसऱ्याच्या ओंजळीने किती दिवस?

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात लागोपाठच्या दोन दिवशी घडलेल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. २५ सप्टेंबरला संरक्षण मंत्रालयाने हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कारखान्याशी ‘तेजस मार्क-१ए’ जातीच्या ९७ लढाऊ विमानांचा करार केला. त्याची रक्कम ६२ हजार कोटी रुपयांहून अधिक होती. दुसऱ्याच दिवशी चंडीगढ येथे मिग-२१ विमानांना समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ पासून बासष्ट वर्षे या विमानांनी देशाच्या आकाशाची राखण केली. ती गेली आणि वायुदलाच्या लढाऊ तुकड्यांची संख्या २९ वर येऊन ठेपली. मंजूर संख्या ४२ आहे. जुने निघून गेले, नवे यावयाचे आहे, आणि मधल्या काळात तेरा तुकड्यांची उणीव आहे, असा या दोन दिवसांचा अर्थ होतो.

यात तिसरी घटना मिळविली म्हणजे चित्र पुरे होते. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी याच कारखान्याने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी ११३ इंजिनांचा करार केला. विमाने आपली, इंजिने अमेरिकेची! विमानाचा घाट आमच्या अभियंत्यांनी ठरविला, त्याच्या उड्डाणनियंत्रणाची गणिते त्यांनीच मांडली, सांगाडा आमच्या कारागिरांनी उभा केला. परंतु ज्याच्या बळावर हे सारे आकाशात चढावयाचे, ते इंजिन सातासमुद्रापलीकडून येणार. इंजिनावाचून विमान म्हणजे बैलांवाचून गाडी. गाडी कितीही देखणी असली तरी बैल शेजाऱ्याच्या गोठ्यात असतील, तर पेरणी कधी करावयाची हे शेजारीच ठरवितो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कोणते विमान घ्यावे, किती घ्यावीत, केव्हा घ्यावीत, याचा निर्णय दिल्लीत होतो अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. विमानातील ज्या भागाला दुसरा पर्याय नाही, तो भाग पुरविणारा परदेशी कारखानदार आणि त्याच्या डोक्यावर बसलेले त्याचे सरकार या निर्णयात आपल्याइतकेच भागीदार असतात. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मात्र ससा त्याच्या हाती कोणी दिला, याचेही उत्तर प्रामाणिकपणे शोधले पाहिजे. आणि ते उत्तर आपल्याला फारसे सुखावणारे नाही.

नकार एकाचा, विमान दुसऱ्याचे

हे केवळ अनुमान नव्हे. १९७८ साली मोरारजी देसाई यांचे सरकार असताना भारत शत्रूच्या हद्दीत खोलवर मारा करू शकेल अशा विमानाच्या शोधात होता. स्पर्धेत तीन विमाने होती : इंग्लंड-फ्रान्स यांचे जॅग्वार, फ्रान्सचे मिराज एफ-१ आणि स्वीडनचे व्हिगेन. स्वीडन हा तटस्थ देश; त्याच्याकडून शस्त्र घेण्यात कोणत्याही गटाचा मिंधेपणा नव्हता. स्वीडन विकावयास तयार होता. परंतु व्हिगेनचे इंजिन मुळात अमेरिकन इंजिनावर बेतलेले होते, आणि ते भारताला देण्यास वॉशिंग्टनने परवानगी नाकारली. व्हिगेन स्पर्धेतून बाद झाले आणि त्याच वर्षी भारताने जॅग्वारची निवड केली. जॅग्वार कदाचित गुणांवरही निवडले गेले असते. त्याने पुढे वायुदलाची सेवाही उत्तम केली. परंतु तुलना पुरी होण्याआधीच एक उमेदवार तिसऱ्याच देशाने उठवून लावला, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

त्या जॅग्वारची आजची अवस्थाही बोलकी आहे. फ्रान्सने ती विमाने २००५ मध्ये, इंग्लंडने २००७ मध्ये आणि ओमानने २०१४ मध्ये निवृत्त केली. जगात आता ती फक्त भारताजवळ उरली आहेत. सुट्या भागांसाठी इतर देशांनी मोडीत काढलेले सांगाडे आपणास गोळा करावे लागले. विमान विकत घेता येते. पण ते बनविणाऱ्याने आपले दुकान बंद केले म्हणजे घेणाऱ्याची गत काय होते, ती ही अशी.

इतर देशांचे अनुभवही याच जातीचे आहेत. १९७७ मध्ये इस्राएल आपली ‘क्फिर’ विमाने इक्वेडोरला विकणार होता. इंजिन अमेरिकन म्हणून अमेरिकेने व्यवहार मोडला. १९९० मध्ये पाकिस्तानने पैसे मोजलेली २८ एफ-१६ विमाने अणुबॉम्बच्या संशयावरून अमेरिकेने अडकविली आणि ती वर्षानुवर्षे तिथल्याच वाळवंटात उभी राहिली. अर्जेंटिनाची कहाणी तर याहून शिकण्याजोगी आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धापासून ब्रिटनने त्या देशाला शस्त्रबंदी केली आहे. दक्षिण कोरियाचे एफए-५० विमान घेण्याचा त्याचा विचार होता; परंतु त्यातील सहा महत्त्वाचे भाग ब्रिटिश असल्यामुळे २०२० मध्ये कोरियन कारखान्याला नाइलाजाने नकार कळवावा लागला. आपल्या तेजसचे नावही तेथे पुढे आले होते. पण तेजसमधील वैमानिकाला संकटात विमानाबाहेर फेकणारी खुर्ची ब्रिटिश बनावटीची! शेवटी २०२४ मध्ये अर्जेंटिनाने डेन्मार्ककडून २४ जुनी एफ-१६ विमाने घेतली. म्हणजे एका खुर्चीमुळे आपण घेणारे म्हणूनच नव्हे, तर विकणारे म्हणूनही अडलो.

बलाढ्यांचीही यातून सुटका नाही. २०१८ मध्ये फ्रान्सच्या एका क्षेपणास्त्रातील एका अमेरिकन भागामुळे इजिप्तशी होणारा व्यवहार अडकला. २०२२ मध्ये खुद्द अमेरिकेला आपल्या एफ-३५ विमानांचा ताबा घेणे काही काळ थांबवावे लागले, कारण एका लोहचुंबकातील मिश्रधातू चिनी निघाला. परंतु अमेरिका दुसरा पुरवठादार शोधू शकली. ज्याला तो शोधता येत नाही, त्याच्यापुढे हात जोडण्याखेरीज मार्ग उरत नाही. बलाढ्य आणि दुर्बल यांच्यातील खरा भेद येथे आहे.

तात्पुरती सोय, चार दशकांची

आता घरच्या इतिहासाकडे वळू. १७ जून १९६१ रोजी बंगळूर येथे ‘मरुत’ या पहिल्या भारतीय लढाऊ जेट विमानाने उड्डाण केले. कुर्ट टँक या विख्यात जर्मन तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली ते आखले गेले. सांगाडा असा होता की तो ध्वनीच्या वेगाला सहज मागे टाकील. पण भिस्त होती ती इंग्लंडातील ब्रिस्टल कारखान्याच्या वाढीव शक्तीच्या ऑर्फियस इंजिनावर. त्या इंजिनाच्या विकासाचा खर्च उचलण्यास इंग्रज सरकार तयार झाले नाही, आणि आपणही तो उचलला नाही. मरुतला दुबळ्या इंजिनावर भागवावे लागले. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने पराक्रम गाजविला खरा. परंतु १४७ विमानांवर त्याचा प्रपंच आटोपला. थोडा पैसा वाचविण्याच्या नादात एक संपूर्ण विमानविद्या आपण गमावली.

तेजसच्या वेळी हीच चूक टाळण्याचा संकल्प होता. या हलक्या लढाऊ विमानाची योजना १९८३ मध्ये मंजूर झाली आणि तिच्यासाठी १९८४ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. येथे रामटेकच्या वाचकांना एक गोष्ट स्मरण करून दिली पाहिजे. १९८४ च्या निवडणुकीत रामटेकने पी. व्ही. नरसिंह राव यांना लोकसभेवर पाठविले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस संरक्षण खाते त्यांच्याकडे आले. योजना पाळण्यात असताना तिचे पालकत्व काही महिने रामटेकच्या प्रतिनिधीकडे होते. पुढे त्यांच्याच पंतप्रधानकाळात, नोव्हेंबर १९९५ मध्ये, पहिले विमान कारखान्यातून बाहेर आले. तेव्हा हा विषय आपल्या गावापासून दूरचा आहे, असे कोणी म्हणू नये.

संकल्प असा होता की आरंभी अमेरिकन एफ-४०४ इंजिन वापरावे आणि दरम्यान ‘कावेरी’ हे स्वदेशी इंजिन सिद्ध करावे. कावेरीला १९८९ मध्ये सुमारे ३८३ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. पुढे हा आकडा २,८३९ कोटींवर गेला. तरीही अपेक्षित रेटा मिळाला नाही, वजन मात्र वाढले. २००८ मध्ये कावेरी तेजसपासून वेगळे करण्यात आले. तात्पुरती म्हणून केलेली सोय चार दशके होत आली तरी चालूच आहे.

कावेरीच्या अभियंत्यांना नावे ठेवण्यापूर्वी या कामाची कठिणता समजून घ्यावी. जेट इंजिनात दाबलेल्या हवेत इंधन जळते आणि तो तप्त वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. त्याचे तापमान पात्यांचा धातू वितळेल त्याहूनही अधिक असते. अशा ज्वाळेत पाते मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तरी ते वितळत नाही, ताणले जात नाही. त्यासाठी निकेलचा विशेष मिश्रधातू लागतो, पात्याच्या पोटातून थंड हवेच्या सूक्ष्म वाटा काढाव्या लागतात आणि सबंध पाते एकाच स्फटिकाचे घडवावे लागते. ही विद्या जगात चार-पाच राष्ट्रांपाशीच आहे आणि ती कोणी कोणास शिकवीत नाही. चीनने अमाप पैसा ओतूनही तिच्यासाठी कित्येक वर्षे रशियन इंजिनांवर दिवस काढले. कावेरीची उंचीवरील चाचणी घेण्यासाठी तर ते रशियाला न्यावे लागले. २०१० मध्ये तेथील मालवाहू विमानाला जोडून त्याची परीक्षा झाली. ज्या देशापाशी परीक्षेचे मैदानच नाही, त्याच्या विद्यार्थ्याला नापास ठरविणे हा न्याय नव्हे.

याउलट १९९८ चा अनुभव पाहा. पोखरणच्या स्फोटांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. तेजसच्या उड्डाणनियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आमच्या अभियंत्यांना ते अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु त्या विषयाचे मूलभूत ज्ञान त्यांच्यापाशी होते. त्यांनी ती प्रणाली बंगळूरमध्ये स्वतः पुरी केली आणि ४ जानेवारी २००१ रोजी तेजस आकाशात झेपावले. जेथे विद्या आपली होती तेथे नकाराने उशीर झाला. जेथे ती नव्हती तेथे काम अडूनच राहिले.

दोष कोणाचा?

आता ताज्या विलंबाकडे येऊ. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांची मागणी नोंदविली गेली. त्यांच्यासाठी ९९ इंजिनांची मागणी जनरल इलेक्ट्रिककडे गेली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. पहिले विमान मार्च २०२४ मध्ये मिळावयाचे होते. पहिले इंजिनच आले मार्च २०२५ मध्ये, ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षे उशिरा. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर कारखान्यातून मार्क-१एचे उड्डाण झाले, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटला तो योग्यच. पण कारखाना सज्ज, कारागीर सज्ज आणि इंजिनांची वाट पाहणे चालू, ही स्थिती अभिमानाची नाही.

यात अमेरिकेचा कावा आहे, अशी कुजबुज झाली. सहज पटावी अशीच ती आहे. परंतु कंपनीने दिलेले कारण अधिक साधे आणि आपल्याला अधिक लाजविणारे आहे. या जातीची ६५ इंजिने २०१६ पर्यंत भारताला पुरवून झाली. पुढची मागणी आली नाही म्हणून तिने ते उत्पादन बंद केले. २०२१ मध्ये मागणी आली तेव्हा पांगलेले पुरवठादार पुन्हा जमवावे लागले. त्यात महामारीची भर पडली. या पाच वर्षांत आपण काय करीत होतो? २००६ मध्ये वीस विमाने, २०१० मध्ये आणखी वीस, आणि त्यानंतर अकरा वर्षे केवळ चर्चा! वायुदल म्हणे विमान परिपूर्ण होऊ द्या. कारखाना म्हणे आधी मागणी द्या. मंत्रालय दोघांच्या फायली इकडून तिकडे पाठवी. तहान लागल्यावर विहीर खणावयाची आणि पाणी उशिरा लागले म्हणून जमिनीला दोष द्यावयाचा, यातलाच हा प्रकार. परकीयांच्या हाती दोरी आहे हे खरे. पण ती ढिली सोडून त्यांच्या हाती देणारे आपणच.

जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे

नागपूरच्या परिसरात या विषयाचा दुसरा पैलू रोज डोळ्यांपुढे आहे. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे. जुनी विमाने उडती ठेवण्याची चिंता वाहणारे हे ठिकाण. सुटा भाग वेळेवर न येणे म्हणजे काय, हे तेथील लोकांइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. दुसरीकडे मिहानमध्ये दासॉ आणि रिलायन्स यांचा कारखाना आहे. राफेल व्यवहाराच्या पाठोपाठ २०१७ मध्ये त्याची कोनशिला बसली. फाल्कन या खासगी जेट विमानांचे भाग तेथे बनू लागले, आणि फाल्कन २००० ची अंतिम जुळणी नागपुरात करण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली. याचे स्वागतच केले पाहिजे. कामठी, रामटेक, पारशिवनीच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना अचूक कामाची सवय लागेल, हा लाभ लहान नाही.

परंतु जुळणीला निर्मिती समजण्याची चूक करू नये. नाशिकने परवान्यावर आणि इतर कारखान्यांच्या साह्याने सहाशेहून अधिक मिग-२१ बनविली. हात तयार झाले, शिस्त आली. पण त्यातून नव्या इंजिनाचा आराखडा निघाला नाही, कारण आराखड्यामागचे ‘का’ कधी शिकविलेच गेले नाही. आम्ही शिक्षकी पेशात असताना दुसऱ्याच्या पाटीवरून गणित उतरविणारी मुले पाहिली आहेत. त्यांचे उत्तर बरोबर येई. पुढच्या गणितात एक आकडा बदलला की त्यांची पेन्सिल थांबे. सहाशे वेळा उतरविले तरी गणित आपले होत नाही.

रामटेकला हा धडा नवा नाही. मनसर आणि कांद्री येथील मॅंगनीज इंग्रजी अमदानीत खणून परदेशी गेले. धातुक आमचे, पोलाद त्यांचे, आणि त्या पोलादाची यंत्रे पुन्हा आम्हीच विकत घ्यावयाची! १९६२ मध्ये सरकारने या खाणींत भागीदारी घेतली आणि आजच्या ‘मॉइल’चा पाया घातला गेला, तेव्हा खाणींवरची परकी पकड सुटू लागली. माती आपली असणे पुरेसे नसते. मातीपासून वस्तूपर्यंतची सगळी वाट आपली असावी लागते, हे या तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

मार्ग कोणता?

सर्वच भाग देशात बनवावेत, असा हट्ट आम्ही धरीत नाही. तो कोणत्याच राष्ट्राला परवडणारा नाही. स्वीडन आजही आपल्या ग्रिपेन विमानात अमेरिकन इंजिन बसवितो, असे दाखवून दिले जाते. ते खरे आहे. परंतु स्वीडनचे शेजारी आणि आमचे शेजारी यांत अंतर आहे, आणि स्वीडन आता अमेरिकेच्याच लष्करी करारात सामील आहे. आम्हाला कोणाच्या गोटात जावयाचे नसेल, तर त्या स्वातंत्र्याची किंमत मोजावीच लागेल. चाके, नळ्या, काचा कोठूनही घ्याव्यात. इंजिन, रडार, शस्त्रे आणि त्यांना जोडणारी संगणक-आज्ञावली या चार गोष्टींत मात्र दुसऱ्याच्या परवानगीची गरज उरता कामा नये.

त्यासाठी चार कामे तातडीची आहेत. पहिले, इंजिनाच्या परीक्षेची साधने देशात उभारणे : उंचीवरील वातावरणाची चाचणीशाळा आणि इंजिन जोडून उडविण्याजोगे विमान. दुसरे, मागणीतील सातत्य. दरवर्षी ठरावीक विमाने आणि ठरावीक इंजिने घेतली जातील, अशी हमी असल्याशिवाय देशी वा विदेशी कोणताही कारखाना आपली यंत्रे आपल्यासाठी राखून ठेवणार नाही. तिसरे, परदेशी भागीदारीच्या अटी. २०२३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकशी एफ-४१४ इंजिनाबाबत सामंजस्य झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर नवे इंजिन विकसित करण्याचे जाहीर केले. या दोन्हींत टक्केवारीच्या घोषणांपेक्षा तीन साधे प्रश्न विचारावेत : त्यात बदल करण्याचा अधिकार आपला आहे काय? तिसऱ्या देशाला ते विकता येईल काय? उद्या संबंध बिघडले तर पाते आपल्या भट्टीत ओतता येईल काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ नसेल, तर तो करार खरेदीचाच समजावा.

चौथे काम संसदेचे आहे. लढाऊ विमानाच्या प्रत्येक मोठ्या करारासोबत संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे एक तक्ता ठेवला जावा : कोणता आवश्यक भाग कोणत्या देशाचा, त्याला पर्याय कोणता, आणि पुरवठा तुटल्यास साठा किती महिने पुरेल. गुप्तता पाळूनही हे करता येते. किंमत किती, दलाल कोण, यावर आमच्या लोकसभेत रणे माजली. इंजिन कोणाचे, यावर तसे रण माजलेले आम्हाला स्मरत नाही.

यात नागपूरलाही वाटा उचलता येईल. येथे व्हीएनआयटीचा धातुविज्ञान विभाग आहे, ॲल्युमिनियम संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, अंबाझरीचा शस्त्रनिर्मिती कारखाना आहे. या तिघांना आणि मिहानमधील कारखान्यांना मिश्रधातूंच्या एखाद्या नेमक्या कामावर एकत्र बसविणे हे आमच्या लोकप्रतिनिधींचे काम आहे. नवा कारखाना आणल्याचे फलक लावणे सोपे असते; दहा वर्षांनी फळ देणाऱ्या प्रयोगशाळेसाठी आज पैसा मागणे कठीण असते. रामटेकच्या मतदाराने आपल्या प्रतिनिधीला यापुढे हा दुसरा प्रश्न विचारावा.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाराची तहान भागते. पण ती भागते दुसऱ्याच्या सवडीने आणि दुसऱ्याच्या मापाने. मरुतच्या वेळी आपण ओंजळ पुढे केली. व्हिगेनच्या वेळी दुसऱ्याची ओंजळ तिसऱ्यानेच मागे ओढली. तेजसच्या वेळी ती उशिरा पुढे आली. आकाश राखणारे वैमानिक या देशाने घडविले आहेत, आणि विमान घडविणारे अभियंतेही आता घडविले आहेत. त्यांच्या हातचे इंजिन देशाला हवे असेल तर त्यांना पैसा, परीक्षेचे मैदान आणि वेळ या तिन्ही गोष्टी आजच दिल्या पाहिजेत. पुढच्या करारावर सही करण्यापूर्वी सरकारने एवढे केले, तरच त्या कराराचे विमान खऱ्या अर्थाने आपण निवडलेले असेल.